चिल्लरची उलटतपासणी: जन्मखूण की जखम?

भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर सुट्टे परत दिले, त्यातल्या एका रुपयाचा कडेचा लचकाच गायब होता. उंदरानं बिस्किट कुरतडावं तसा. एरवी कुणीही ‘मावशी, हा बदलून द्या’ म्हणालं असतं. पण आदल्याच रात्री मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक गृहस्थ असाच चावका रुपया कॅमेऱ्यासमोर नाचवत ‘टांकसाळीची चूक, किंमत लाखात’ असं छातीठोक सांगत होते. मी रुपया मुठीत घट्ट धरला आणि घरी पोचेपर्यंत लाखाचा हिशेबही मांडून झाला. आधी स्वयंपाकघरातल्या फरश्या, उरले तर गोवा.

ओळखीतल्या सोनारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि तीन सेकंदांत काढलं. ‘कानस मारलीय कुणीतरी.’

‘कशावरून?’

‘समोरची कड बघ. धडधाकट आहे.’

चावलं एका बाजूला आणि हा माणूस बघतोय दुसरी बाजू! तिथून मला हे वेड लागलं. गेली काही वर्षं घरात येणारी चिल्लर मी डब्यात टाकण्याआधी दिव्याखाली धरतो, आणि घरचे ‘टांकसाळीचे इन्स्पेक्टर आले’ म्हणतात. या खटाटोपातून हाती लागलेला माल पुढे मांडतो आहे.

पुरी, वाटी आणि चावलेला रुपया

नाण्याचा जन्म पुऱ्यांसारखा होतो. मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या कापाव्यात, तशा धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या तोडतात. मग चकती दाबून फिरवतात, म्हणजे तिचा काठ जरासा उचलला जातो. ती तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात. शेवटी खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं, ज्याला कॉलर म्हणतात. दण्‌! छापा आणि काटा एकाच दाबात उमटतात. कडेवर खाचा असतील तर त्याही त्याच क्षणी कॉलरमधून येतात. आजची यंत्रं मिनिटाला अशी शेकडो नाणी पाडतात.

आता वाटी चुकून आधीच्या भोकावर थोडी चढली तर? पुरी चंद्रकोरीसारखी निघते. नाण्याचंही तसंच, याला क्लिप म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. अशी चावकी चकती काठ उचलायच्या यंत्रात गेली की जिथे तुकडा नाही तिथे यंत्राला दाबायला काही सापडत नाही, त्यामुळे बरोब्बर समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही. परिणामी चावल्याच्या समोरची कड मवाळ, पुसट, बसकी राहते. इंग्रजीत याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. सोनारकाकांनी हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, पण बघायचं कुठे ते त्यांना ठाऊक होतं. शिवाय खऱ्या क्लिपजवळची अक्षरं कडेकडे किंचित ओघळल्यासारखी, ओढल्यासारखी दिसतात. कानशीनं घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीनं कापल्यासारखं मधेच संपतं आणि घासलेल्या जागी समांतर रेघोट्या उठतात.

या खेळातला सगळा न्याय एका प्रश्नावर चालतो: हे ‘दण्‌’च्या आधी किंवा त्या क्षणी झालं, की नंतर? आधीचं असेल तर जन्मखूण, नंतरचं असेल तर जखम. जन्मखुणेला गिऱ्हाईक मिळतं. जखमेला दुकानदाराच्या कपाळावरची आठी मिळते.

धातू बाहेर वाढत नाही

पहिला नियम नखानं तपासता येतो. नाण्यावर एखादी आगंतुक रेघ दिसली तर ती वर आलेली आहे की खोल गेलेली, ते बघा. ठशाला तडा गेला की त्या फटीत चकतीचा धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, बारीक, वेडीवाकडी रेघ उमटते. ही टांकसाळीतली. खिळ्यानं, चावीनं, फरशीवर घासून पडलेली रेघ मात्र खोल जाते. ठशाच्या काठाचा आख्खा टवकाच उडाला तर नाण्याच्या कडेला गुळगुळीत गाठोडं येतं, अक्षरंबिक्षरं गिळून बसलेलं. नाणेवाले त्यावर जीव टाकतात.

टांकसाळीचा दरवाजा ओलांडल्यावर नाण्याला नवा धातू फुटत नाही. दोन अपवाद ध्यानात ठेवा. खोल ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना नांगरटीसारखी माती, म्हणजे धातू, वर ढकलला जातो. ती उंची फसवी असते, शेजारीच खड्डा असतो. आणि दुसरा अपवाद सोनाराचा. नाण्याला कडी लावून लॉकेट केलेलं असतं, मग कधीतरी कडी काढून नाणं परत बाजारात येतं आणि डाकाचा ठिपका मागे राहतो. मला असाच एक पाच रुपयांचा शिक्का मिळाला. वरच्या टोकाला सुंदर गाठ. टवका उडालेल्या ठशाचं म्हणून मी ते आठवडाभर मिरवलं. ते कुणाच्या तरी गळ्यातलं लॉकेट होतं.

साल गायब, की साल खरवडलेलं?

वर्षातला एक आकडाच नाही, ‘भारत’मधला ‘त’ अर्धा, सिंहाची आयाळ सपाट. अशी नाणी सगळ्यात जास्त सापडतात आणि त्यातली बरीच खरंच टांकसाळीची असतात. कारण अगदी घरगुती आहे: वंगण. ठशाच्या खोल भागात ग्रीस आणि धातूचा कीस साचला की तिथे धातू शिरत नाही, अक्षर उमटत नाही. साच्याच्या नक्षीत जुनं पीठ अडकलं की चकलीचे काटे येत नाहीत, तसंच. ओळखायचं कसं? गायब अक्षराची जागा बाकीच्या पृष्ठभागासारखीच असते, त्याच चमकेची. अक्षर हळूहळू विरत जातं. खरवडलेलं असेल तर तिथे चमक वेगळी आणि भिंगाखाली ओरखड्यांचं जाळं. आणि आख्खं नाणंच गुळगुळीत असेल तर ते फक्त म्हातारं आहे.

ही चूक विपुल, म्हणून भाव बेताचा. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

सालाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या खालीही बघा. बारीकसा चौकट, म्हणजे पत्त्यातला असतो तसा, दिसला तर नाणं मुंबईचं. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेसमोरची टांकसाळ 1829 पासूनची आहे. तारा दिसला तर हैदराबाद, टिंब दिसलं तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. कोलकात्यानं खूण न ठेवणं हीच खूण ठेवली आहे. त्यामुळे ‘माझ्या नाण्यावर खूणच नाही, चूक आहे’ म्हणून नाचू नका. खूण भलतीच असली तरीही नाचू नका. मागणी भागेना तेव्हा भारतानं परदेशांतूनही नाणी पाडून आणली. 1985 च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमचा इंग्रजी ‘एच’ आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटाकडच्या काही नाण्यांवर मेक्सिको, मॉस्को आणि स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्साच्या खुणा आहेत. अंबरनाथच्या वडापावाच्या गाडीवर मॉस्कोचं नाणं फिरत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

लाखी

चुकांच्या जगातली ही महाराणी. इंग्रजीत ब्रॉकेज, आपल्याकडचे जुने नाणेवाले तिला ‘लाखी’ म्हणतात. घडतं असं की पाडलेलं नाणं खाली न पडता एका ठशाला चिकटून बसतं. यंत्राला काय कळणार, ते पुढची चकती आत घेतं. आता ठशाऐवजी चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. नव्या चकतीची एक बाजू नेहमीसारखी उमटते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि खोलगट येतं. म्हणजे एकीकडे सिंह, पाठीला सिंहाचा खड्डा.

इथे नकली मालाला ऊत येतो. दोन नाणी एकमेकांवर ठेवून पोलादी शेगड्यात, म्हणजे वाइसमध्ये, आवळली की एकाचं चित्र दुसऱ्यावर खोल आणि उलटं उमटतं. झाली लाखी! पण नाही. खऱ्या लाखीत खोल चित्राखाली दुसरं काहीच नसतं, कारण त्या बाजूला आधी काही उमटलेलंच नव्हतं. आवळलेल्या नाण्यात मूळचं चित्र चेपलेल्या अवस्थेत खालून डोकावत असतं. आणि ठोकताना पाठ कशावर तरी टेकलेली असते ना, तिथली उंच अक्षरं सपाट झालेली असतात. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. खऱ्या न्यायाधीशानंही हेच करावं, पण ते जाऊ दे.

जयचं नाणं

‘शोले’ (1975) मधलं जयचं नाणं आठवतं? दोन्हीकडे छापा. असं नाणं मला सापडलंय म्हणणारे दर वर्षी कुणी ना कुणी भेटतात. आधुनिक यंत्रात वरच्या आणि खालच्या ठशांची जागा वेगळी, बैठक वेगळी, त्यामुळे दोन सारखे ठसे समोरासमोर बसणं जवळजवळ अशक्य. ही नाणी जादूगारांच्या पुरवठादारांची. एक नाणं आतून कोरून वाटी करायची, दुसरं घासून झाकण करायचं आणि बसवायचं. काठाच्या आतल्या बाजूनं नख फिरवलं की बारीक सांधा लागतो. फरशीवर टाकलं तर आवाज भद्द येतो. नाणं वाजवून घ्यायची आपली जुनी रीत इथे अजून कामाला येते.

उलट, जी चूक बाहेर कुणाला सहजासहजी करता येत नाही तिच्याकडे मात्र लोक ढुंकून बघत नाहीत. रुपयाला वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरा आणि दार फिरवावं तसा फिरवा. आपल्या सध्याच्या नाण्यांत मागचं चित्रही सरळ उभं दिसायला हवं. ते कललेलं, आडवं किंवा चक्क शीर्षासनात दिसलं तर ठसा आपल्या जागी फिरला होता. ना कानस, ना हातोडा, ना तेजाब, कशानंच हे घरी करता येत नाही. चाचणीला भिंगही नको. पाच-दहा अंशांचा कल किरकोळ, आडवं किंवा पूर्ण उलटं असेल तर जपून ठेवा.

दहाचं भोक

दहाच्या नाण्याचा मधला गोळा निखळलेला आणि नुसतं कडं उरलेलं, हे प्रकरण हल्ली फार. पोरं तो गोळा हातोडीनं पाडतात आणि कड्याची अंगठी करतात. खऱ्या चुकीत गोळा नसतानाच कड्यावर दाब पडतो. मग धातूला आतल्या बाजूला मोकळी जागा मिळते, तो तिकडे सरकतो, भोकाची कड गोलसर होते. हातोडीच्या प्रकरणात भोकाची कड जशीच्या तशी, वर ठोकल्याचे वण. गोळा तिरका बसलेला असेल तर चित्र सांध्यावरून अखंड गेलं आहे का ते बघा. अखंड असेल तर तिरकेपण दाबाच्या आधीचं.

याच दहाच्या नाण्यानं मध्यंतरी महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत भांडणं लावली. ‘पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं.’ रिक्षावाले घेईनात, किराणावाले घेईनात. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की दहाच्या नाण्याच्या 14 नक्ष्या आहेत आणि चौदाही चालतात. रुपयाचं चिन्ह असलेली चालतात, नसलेलीही चालतात. ते चिन्ह 2010 मध्ये आलं आणि नाण्यांवर 2011 पासून. एका नाण्याच्या 14 नक्ष्या काढायच्या आणि लोक गोंधळले की खुलासा काढायचा, यात चूक कोणाची, हे मी सोनारकाकांना विचारलं. त्यांनी भिंग पुसलं.

लोहचुंबकाचंही असंच. रुपया, दोन रुपये पोलादी, ते चिकटतात. पाचाचं पिवळं नाणं चिकटत नाही. मग एखादा पाचाचा शिक्का टपकन चिकटला की वाटतं, चुकीच्या चकतीवर पाडला! थांबा. 2007 च्या सुमाराला पाचाची नाणीही पोलादाची निघाली होती. आधी साल बघायचं, मग उड्या मारायच्या.

दोनदा दिसणारं अक्षर

यावर लोक सर्वाधिक फसतात, म्हणून जरा सविस्तर. अक्षराला सावली असल्यासारखी दुसरी कड दिसते. बहुतेक वेळा ठसा सैल असतो, दाबून वर उठताना थरथरतो आणि अक्षराचा खांदा बाजूला ढकलतो. तिथे सपाट, पायरीसारखी कड येते आणि मूळ अक्षर बारीक होतं. याला काडीची किंमत नाही. खरा दुहेरी ठसा म्हणजे ठसा घडवतानाच त्यावर चित्र दोनदा, किंचित सरकून उमटलेलं. तिथे दोन्ही अक्षरं गोलाईदार, भरलेली, आणि टोकांना दुभंगलेली दिसतात. पायरी असेल तर सोडा, दुभंग असेल तर थांबा.

याचा अख्ख्या जगातला नामवंत नमुना म्हणजे फिलाडेल्फियाचा 1955 चा एक सेंट. साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनाही दोन-दोन दिसतात. वीस-बावीस हजार नाणी चुकीची आहेत हे कळलं तोवर ती भल्यामोठ्या ढिगात मिसळली होती. ढीग वितळवायचा कंटाळा केला आणि सोडून दिला. असं सांगतात की त्यातली बरीच सिगारेटच्या यंत्रांतून लोकांच्या हाती गेली. पाकीट 23 सेंटांचं, यंत्र घ्यायचं 25 चं नाणं, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक कागदाखाली खोचून मिळायचे.

दुहेरी ठशाखेरीज इतर चुकाही गाजल्या. ब्रिटनमध्ये 2008 साली वीस पेन्सच्या नाण्यावरचं साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर हलवलं. कुणीतरी जुनी एक बाजू आणि नवी एक बाजू जोडली आणि सालच नसलेली नाणी बाहेर पडली. अंदाज 50 हजार ते अडीच लाख. चिलीत तर 2008 च्या पन्नास पेसोंवर देशाचंच नाव चुकलं, ‘एल’च्या जागी ‘आय’. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा टांकसाळीच्या प्रमुखाची नोकरी गेली. आपल्याकडचा किस्सा त्याहून जुना आहे. 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला की लोकांना तो डुक्कर दिसला. बोभाटा झाला, रुपया मागे घेतला आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. हा ‘डुक्कर रुपया’ अजून याच नावानं विकला जातो. ठसा ठीक, चकती ठीक, दाब ठीक. फक्त कारागिरानं बहुधा हत्ती जवळून पाहिलेला नसावा.

चूक नाही, जखमही नाही

आजोबांच्या पेटीत मधोमध भोक असलेला पैसा सापडला तर त्याच्यावर कुणी खिळा मारलेला नाही. 1943 ते 1947 मधला तो ‘भोकाचा पैसा’. महायुद्धात तांबं वाचवायला टांकसाळीनंच भोक पाडलं. लोकांनी तो वॉशर म्हणून वापरला, ती जखम वेगळी.

आणि शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हातात आलेल्या शिवराईवर यातलं अर्धंच दिसतं, ‘श्री’ कडेबाहेर पडलेली, ‘ति’ गायब. आजच्या रुपयावर हे दिसलं असतं तर नाणेवाल्यांनी उड्या मारल्या असत्या. पण ती हातोडीनं पाडलेली, ठसा मोठा, चकती लहान आणि वेडीवाकडी. जेवढं मावलं तेवढं उमटलं. पूर्ण मजकूर असलेली शिवराईच दुर्मीळ, म्हणजे तिथे हिशेब नेमका उलटा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे जुनी नाणी ओळीनं बघताना हे लगेच उमजतं, आणि पावसाळ्यात गेलात तर डोंगर फुकट.

लाखाची गोष्ट

आता व्हिडिओवाल्या गृहस्थांकडे वळू. त्यांचा धंदा नाणं विकण्याचा नसतो. ‘तुमचं नाणं आम्ही लाखात घेतो, आधी नोंदणीचे, कराचे, कमिशनचे थोडे पैसे भरा’ हा तो धंदा. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हसुद्धा वापरतात, म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये बँकेनं जाहीर सावध केलं होतं. खरं गिऱ्हाईक तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही.

आणि ‘चूक’ घरीच तयार करायचा विचार असेल तर 2011 चा नाणे कायदा वाचून घ्या. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. लहानपणी रुळावर पाच पैसे ठेवून पापड करणारे आम्ही सगळे थोडक्यात सुटलो. अर्थात त्या पापडावरून एक शिकायला मिळालं. रुळावर चेपलेल्या नाण्याचं चित्रही ताणलं जातं, सिंह लांबुडके होतात. कॉलर सरकल्यामुळे टांकसाळीत पसरलेलं नाणं रुंद असतं, पण त्यावरचे सिंह आपल्या मापाचेच असतात आणि कड गुळगुळीत.

एवढं ज्ञान मिळाल्यावर माझ्या संग्रहात काय आहे? दोन वंगणवाली, एक तडा गेलेल्या ठशाची आणि एक दोनाचं, ज्याची मागची बाजू आडवी झाली आहे. बाकी बरणीभर जखमी. पण खरं सांगू, भिंगाखाली बघताना मला जखमीच जास्त आवडायला लागले आहेत. एक नदीतून आलेला काळाठिक्कर, कुणीतरी पुलावरून फेकलेला. एक उंबऱ्यात ठोकलेला, मधे खिळ्याचा खळगा.

कानस मारलेला रुपया मात्र मी ठेवला नाही. परवा कोथिंबीर घेताना इतर सुट्ट्यांबरोबर तोच मावशींच्या हातावर ठेवला. त्यांनी उलटापालटा केला, अंगठ्यानं कड चाचपली आणि परत माझ्यासमोर धरला.

‘दादा, हा तुटका आहे. दुसरा द्या.’

‘मावशी, तुम्हीच दिला होता.’

‘मी?’ त्या म्हणाल्या. ‘मी बघून घेते.’